पाक ४१ : एवढी भेदक तोफ १५० नगांवर का थांबली

१९४२ च्या एप्रिल-मेच्या सुमाराला जर्मन सैन्याच्या हातात ७५ मिलिमीटरच्या दोन नव्या रणगाडाविरोधी तोफा होत्या. एक राइनमेटाल कंपनीची पाक ४० आणि दुसरी क्रुप कंपनीची पाक ४१. (पाक म्हणजे पान्त्सरआब्वेअरकानोने, रणगाडाविरोधी तोफ, जर्मन लोक त्याचं लघुरूप असंच वापरायचे.) दोन्हींचं काम एकच, वजनही जवळपास सारखं, पाक ४० भरायची १४२५ किलो आणि पाक ४१ साधारण १३५६ किलो, म्हणजे थोडी हलकीच. आता भेदकता बघा. एक हजार मीटरवर ३० अंशांत तिरकी लावलेली पोलादी प्लेट असेल तर पाक ४० चा नेहमीचा गोळा ८० ते ८५ मिमी पार करायचा आणि पाक ४१ चा १४० च्या आसपास. हा फरक थोडाथोडका नाही, पुढच्या पिढीच्या तोफेएवढा आहे.

तरीही युद्ध संपेपर्यंत पाक ४० च्या २३ हजारांच्या वर तोफा बनल्या आणि पाक ४१ च्या फक्त १५०.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेलं असतं, की जर्मनांना गुंतागुंतीची डिझाइन्स करायची सवय होती, तोफ महाग पडली, बंद केली. मला ते पटत नाही. मी बरीच वर्षं टूलरूममध्ये काढलीत आणि ह्या तोफेची गोष्ट मला तोफेपेक्षा लेथवरच्या टिपची, म्हणजे धातू कापणाऱ्या टोकाची, जास्त वाटते. ते कसं, ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ, कारण क्रुपच्या इंजिनिअरांना असलं विचित्र काही का सुचलं हे त्याशिवाय कळणार नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पायदळाची मुख्य रणगाडाविरोधी तोफ होती ३७ मिमीची पाक ३६. तिचं मूळ डिझाइन १९२० च्या दशकातलं, घोड्यांनी ओढायचं, नंतर हवेचे टायर लावून मोटारीमागे ओढण्याजोगं केलं. वजन फक्त ३३० किलोच्या आसपास, तीन-चार जणांनी हाताने ढकलत शेतातून नेली, झुडपामागे लपवली, एवढी सोयीची. १९३६ नंतर स्पेनच्या यादवी युद्धात ती चांगली चालली कारण समोरच्या रणगाड्यांचं चिलखतच पातळ होतं. पण मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये अरासजवळ ब्रिटिशांचे मटिल्डा रणगाडे समोर आले, त्यातल्या मोठ्या मटिल्डाचं पुढचं चिलखत ७८ मिमी, आणि ३७ मिमीचे गोळे त्यावर आपटून नुसते उडायला लागले. तेव्हा जर्मन सेनापती रोमेलला ८८ मिमीच्या विमानविरोधी आणि साध्या मैदानी तोफा पुढे आणून तो हल्ला थोपवावा लागला. जर्मन सैनिकांनीच मग ह्या तोफेला 'दार ठोठावायचं यंत्र' असं नाव ठेवलं, म्हणजे रणगाड्याला फक्त कळतं की बाहेर कोणीतरी आलंय.

त्यानंतर ५० मिमीची पाक ३८ आली. वजन एक टनाच्या जवळ. मग ७५ ची पाक ४०, जवळपास दीड टन. पुढे ८८ मिमीची पाक ४३/४१, ती चार टनांच्याही वर, तिला सैनिक 'कोठाराचं दार' म्हणायचे. ही चढण नीट लक्षात घ्या. चिलखत वाढलं की गोळ्याला जास्त ऊर्जा लागते, त्यासाठी जास्त दारू, जास्त लांब नळी, जास्त मोठा धक्का, तो सोसायला जड गाडा, आणि शेवटी तोफ एवढी जड होते की चिखलात रुतली तर माणसांच्या हाताने हलत नाही, ट्रॅक्टर आला नाही तर सोडून पळावं लागतं. पूर्व आघाडीवर पाक ४० बाबतसुद्धा हे झालंय, बऱ्याच फैरी झाडल्या की मागचे पाय जमिनीत एवढे रुतून बसायचे की तोफ जागची काढणं मुश्कील. पाक ३६ असताना जे तीन-चार माणसांचं काम होतं ते पाक ४० ला गाडीशिवाय होईना.

म्हणजे डिझाइनरपुढचा खरा प्रश्न 'जास्त भेदक तोफ कशी बनवू' एवढाच नव्हता. वजन न वाढवता जास्त भेदक कशी बनवू, हा होता.

ह्याचं एक उत्तर फार आधीपासून कागदावर पडून होतं. कार्ल पुफ नावाच्या जर्मन माणसाने १९०३ मध्येच निमुळत्या नळीचं पेटंट घेतलं होतं, आणि १९२०-३० च्या दशकांत हेरमान गेर्लिखने त्यावर शिकारीच्या रायफली बनवून दाखवल्या. कल्पना अशी की नळी मागच्या बाजूला रुंद आणि तोंडाशी अरुंद. गोळ्याचा मधला गाभा बारीक आणि कठीण, त्याच्याभोवती मऊ धातूच्या कडा, झालरीसारख्या. गोळा पुढे सरकतो तशा कडा दाबल्या जाऊन अंगालगत मिटतात.

ह्यात फायदा दुहेरी आहे आणि तो आकड्यांनीच समजून घ्यावा. पाक ४१ ची नळी मागे ७५ मिमी आणि तोंडाशी ५५ मिमी. ७५ मिमीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंमी, ५५ चं साधारण २४. म्हणजे दारू पेटते तेव्हा वायूला ढकलायला ४४ चा तळ मिळतो, आणि गोळा हवेत निघतो तेव्हा वाऱ्याला अडायला फक्त २४ उरतात. ढकलताना मोठा, उडताना बारीक. साध्या नळीतून कठीण गाभ्याचा गोळा मारला (तसा पान्त्सरग्रानाटं ४० होताच) तर तो हलका असल्याने सुटतो वेगाने, पण हवेत पूर्ण जाडीनेच उडतो, त्यामुळे पाच-सातशे मीटरनंतर त्याचा जोर भराभर उतरतो. निमुळत्या नळीत ही अडचण बरीच कमी होते.

जर्मनांनी ह्या तत्त्वावर तीन तोफा प्रत्यक्ष सैन्यात आणल्या. सगळ्यात छोटी २८ मिमीची, तोंडाशी २० मिमी, माउझरची, जेमतेम २२९ किलो आणि गोळ्याचा वेग सेकंदाला १४०० मीटर. छत्रीसैनिकांसाठी तिचा आणखी हलका प्रकारही होता. दुसरी ४२ मिमीची, तिच्या तीनशेच्या वर थोड्याच झाल्या. आणि तिसरी ही पाक ४१.

क्रुपने पाक ४१ वर जे काम केलंय ते बघून अजूनही आदर वाटतो. अख्खी नळी निमुळती कोरणं म्हणजे भयंकर कटकट, रायफलिंगसकट (गोळ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांसकट) टेपर करायचा म्हणजे टूलिंगचा खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर. त्यांनी नळीचे भागच वेगळे केले. मागचा लांब भाग सरळ, ७५ मिमीचा, रायफलिंगवाला. त्याच्यापुढे एक वेगळा तुकडा आट्यांनी बसवलेला, आतून गुळगुळीत, तो आधी निमुळता होत जातो आणि शेवटी ५५ मिमीवर सरळ होतो. झीज सगळ्यात जास्त ह्याच पुढच्या तुकड्यात होणार, मग तोच बदलायचा, तोफ कारखान्यात परत पाठवायची नाही, तिथेच आघाडीवर काम होतं. दुसरं, त्यांनी ढालीलाच गाड्याचा भाग केला. इतर तोफांना ढाल नंतर बोल्ट मारून लावलेली असते, इथे दोन प्लेटांच्या जाड ढालीतच नळीचा गोल सांधा बसवलाय आणि चाकं, पाय सगळं त्या ढालीला जोडलंय. त्यामुळे तोफ बुटकी झाली, हलकी झाली, लपवायला सोपी झाली. वेग सेकंदाला ११०० मीटरच्या वर. नळीचं आयुष्य मात्र साधारण ५०० फैरी, जे साध्या तोफेच्या मानाने फारच कमी, पण पुढचा तुकडा बदलता येत असल्याने तेही चालवून घेता आलं असतं.

मग अडलं कुठे? गाभ्यात.

एवढ्या वेगाने साधा पोलादी गोळा चिलखतावर आपटला की चिलखत फुटायच्या ऐवजी गोळ्याचाच चुरा होतो. ह्या वेगाचा फायदा घ्यायचा तर गाभा टंगस्टन कार्बाइडचाच लागतो, तो पोलादाच्या जवळपास दुप्पट जड आणि कितीतरी कठीण. जर्मन भाषेत टंगस्टनला वोल्फ्राम म्हणतात, म्हणून तर त्याची रासायनिक खूण डब्ल्यू. आणि तोफेची रचनाच अशी की मऊ कडांचा, मिटत जाणारा गोळा सोडून त्या नळीतून दुसरं काही जात नाही. ७५ मिमीचे नेहमीचे पोलादी गोळे सैन्याकडे ढिगाने असले तरी ते ५५ च्या तोंडातून बाहेर काढणार कसे?

आता लेथवरच्या टिपची गोष्ट. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये जुने टर्नर अजूनही कार्बाइडच्या टिपला सरळ 'विडिया' म्हणतात. 'अरे तो विडियाचा टूल दे' हे मी शिकाऊ असताना रोज ऐकायचो आणि मला ती वस्तूच त्या नावाची वाटायची. विडिया हे क्रुपचं ब्रँडनेम आहे, 'वी डिआमांट', म्हणजे हिऱ्यासारखं, ह्याचं लघुरूप. १९२३ मध्ये ओस्राम कंपनीत कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून भाजायची पद्धत शोधली, दिव्यांच्या बारीक तारा ओढायच्या डाय बनवायला, आणि नंतर क्रुपने हक्क घेऊन १९२० च्या दशकाच्या शेवटी तोच माल कटिंग टूल म्हणून बाजारात आणला. हायस्पीड स्टीलच्या टूलने जे काम होतं तेच कार्बाइडने कित्येक पट वेगाने होतं, टूल वारंवार घासावा लागत नाही, माप हलत नाही, हे मशीनवर काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

म्हणजे जो टंगस्टन पाक ४१ च्या गोळ्याच्या गाभ्यात बसवून एकदा उडवायचा, त्याच टंगस्टनच्या टिपा जर्मनीतल्या प्रत्येक लेथ, मिलिंग आणि बोअरिंग मशीनला हव्या होत्या. तोफांच्या नळ्या, रणगाड्यांचे गिअर, विमानांची इंजिनं, सगळं त्यावर. एक टिप परत परत घासून महिनोनमहिने काम देते, तुटली तर भंगारात जाऊन त्यातला धातू पुन्हा वापरात येतो. गोळ्यातला गाभा एकदा गेला की रशियाच्या शेतात गेला. हा हिशोब कुठल्याही फोरमनला दहा मिनिटांत करता येतो, आणि माझ्या मते पाक ४१ चा निर्णय खरा इथेच लागला, रणांगणावर नाही.

टंगस्टन येत कुठून होता ते बघा. जर्मनीत स्वतःचा जवळजवळ नाहीच. १९३० च्या दशकात मोठा वाटा यायचा चीनमधून, जियांगशी आणि हुनान भागातल्या खाणींतून. हाप्रो नावाची जर्मन कंपनी ह्यासाठीच उभी केली होती, चीनला शस्त्रं आणि कारखाने द्यायचे आणि बदल्यात धातू घ्यायचे, १९३६ मध्ये दहा कोटी राइशमार्कचं कर्जही दिलं. पुढे हिटलरने जपानची बाजू धरली, १९३८ मध्ये चीनमधले जर्मन लष्करी सल्लागार परत बोलावले, आणि युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलाने समुद्र बंद केला. तरी एक वाट चालू राहिली, सायबेरियाची रेल्वे. सोव्हिएत संघाशी करार होता, माल त्यांच्या रुळांवरून यायचा.

२२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला. त्या दिवशी ती वाट बंद झाली.

आणि त्याच मोहिमेत पहिल्या काही दिवसांत टी-३४ आणि केव्ही हे रशियन रणगाडे समोर आले. टी-३४ चं पुढचं चिलखत ४५ मिमी पण ६० अंशांत तिरकं, केव्हीचं ७५ मिमी. पाक ३६ चं तिथे काही चालेना, पाक ३८ ला सुद्धा भरवशाने मारायचं तर टंगस्टन गाभ्याचा गोळाच लागायचा. हे मी कितीदा वाचलं तरी मला थांबून विचार करावा लागतो, की ज्या हल्ल्यामुळे टंगस्टनच्या गोळ्यांची सगळ्यात जास्त गरज पडली त्याच हल्ल्याने टंगस्टनचा रस्ता तोडला. पाक ४१ त्यानंतर साधारण दहा-अकरा महिन्यांनी सैन्याला मिळाली. म्हणजे तोफ तयार होईपर्यंत तिच्या दारूगोळ्याचा पाया गेलेला होता.

उरलं पोर्तुगाल आणि स्पेन, आणि नाकेबंदी चुकवून पूर्वेकडून येणारी एखाद-दुसरी बोट. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार दोन्ही बाजूंना विकत होता. पानाश्केइराची मोठी खाण ब्रिटिश मालकीची, तिचा माल मित्रराष्ट्रांना, बाकीच्या खाणींतून जर्मन खरेदी करायचे. ब्रिटिश आणि अमेरिकन सरकारांनी खास कंपन्या काढून, स्वतःला गरज नसतानाही, निव्वळ जर्मनांना मिळू नये म्हणून टंगस्टन विकत घेतला, त्यामुळे भाव अनेक पटींनी चढला. बेइरा भागात आणि स्पेनच्या गालिसियात शेतकरी शेती सोडून डोंगरात टंगस्टनचे काळे दगड वेचायला गेले, बायका-पोरंसुद्धा, रात्रीची चोरटी खणाई चालायची. रणगाडा आणि तोफ ह्यांच्या गोष्टीत ही माणसं कधी येत नाहीत, पण ह्या धातूचा कण न् कण त्यांच्या हातून गेलेला आहे. शेवटी अमेरिकेने १९४४ च्या सुरुवातीला स्पेनचं तेल रोखलं, मे मध्ये स्पेनने निर्यात अगदी कमी करायचं मान्य केलं आणि जूनमध्ये पोर्तुगालने टंगस्टन पूर्ण बंद केला.

पण पाक ४१ त्याच्या दोन वर्षं आधीच थांबली होती. १५० नग, संपलं.

पाक ४० का टिकली हे आता सरळ दिसतं. तिला टंगस्टनचा गोळा मिळाला तर चांगलंच, नाही मिळाला तरी साधा पोलादी पान्त्सरग्रानाटं ३९ सेकंदाला ७९० मीटरने जायचा आणि टी-३४ ला नेहमीच्या अंतरांवर पुरून उरायचा. शिवाय पावणेसहा किलोचा स्फोटक गोळा त्याच नळीतून, तो मशिनगनच्या खड्ड्यांवर, घरांवर, पायदळावर. रणगाडाविरोधी तोफखान्यातल्या पोरांना रोज रणगाडेच भेटतात असं नसतं, बऱ्याचदा पायदळच समोर असतं, आणि निमुळत्या नळीच्या २८ मिमीवालीचा स्फोटक गोळा तर एवढासा होता की त्याचा उपयोग नावापुरता. पाक ४० जड होती, चिखलात रुतायची, सगळं खरं. पण ती कधी उपाशी बसली नाही.

आता दोष कोणाचा? माझं मत असं की तोफ सुरू करणं चूक नव्हतं. डिझाइनचं काम चालू होतं तेव्हा सायबेरियाचा रस्ता उघडा होता आणि वजनाचा प्रश्न खरा होता, तो आधीच ओळखणारे इंजिनिअर हुशारच म्हणायचे. चूक ही की एकाच धातूवाचून जिचं काहीच चालत नाही अशी तोफ बनवताना तिच्यातून नेहमीचे पोलादी गोळे मारायची सोय ठेवली नाही, आणि ज्यांना हल्ला कधी होणार हे माहीत होतं त्यांनी टंगस्टनचा हिशोब त्याच्याशी जोडला नाही. जून १९४१ नंतर तर ती तोफ सैन्यात घ्यायलाच नको होती. १५० वर थांबवली हा निर्णय मात्र बरोबर, थोडा उशिरा आला एवढंच.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. क्रुपच्या कामाचा आदर वाटतो असं वर लिहिलंय, ते ड्रॉइंगबद्दल. त्याच कंपनीने युद्धकाळात हजारो परदेशी कामगारांना, युद्धकैद्यांना आणि छळछावणीतल्या बायकांना जबरदस्तीने राबवलं, मालक आल्फ्रीड क्रुपला १९४८ मध्ये न्युरेंबर्गला त्यासाठी १२ वर्षांची शिक्षा झाली, १९५१ मध्ये तो सुटला. मशीनकडे बघताना ते मशीन कोणी चालवलं हे मला विसरता येत नाही.

पुढे जर्मनांनी टंगस्टनशिवायचे रस्ते धरले. पकडलेल्या रशियन ७६.२ मिमीच्या एफ-२२ तोफांचा मागचा कक्ष मोठा करून त्यांना रणगाडाविरोधी बनवलं. फ्रेंच ७५ ची १८९७ सालची नळी पाक ३८ च्या गाड्यावर चढवली आणि तिला पोकळ स्फोटकाचे गोळे दिले. असल्या गोळ्याला वेग लागतच नाही, स्फोटानेच धातूची धार तयार होऊन चिलखतात घुसते, त्यामुळे जुन्या पाक ३६ च्या तोंडावरसुद्धा बाहेरून एक मोठा पोकळ स्फोटकवाला बॉम्ब लावून मारायची सोय केली, फक्त ३०० मीटरच्या आत जावं लागायचं. वजनाच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर राइनमेटालची पीएडब्ल्यू ६००, साधारण सहाशे किलोंची, पोकळ स्फोटकाचा गोळा ७५० मीटरपर्यंत मारणारी, पण ती युद्धाच्या अगदी शेवटी आली आणि थोड्याच बनल्या. गाभ्यासाठीही पर्याय शोधले गेले, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर ह्याने नंतर लिहून ठेवलंय की १९४३ च्या उन्हाळ्यात पोर्तुगालचा माल अडल्यावर त्याने गोळ्यांच्या गाभ्यासाठी सुमारे १२०० टन युरेनियम मोकळं केलं.

ब्रिटनमध्ये पर्मुटर आणि कॉपॉक हे दोघे १९४१ पासून ह्याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी नळीला हातच लावला नाही. टंगस्टनचा बारीक गाभा हलक्या खोळीत बसवला, खोळ नळीच्या पूर्ण रुंदीची, आणि तोंडातून बाहेर पडल्याबरोबर ती खोळ सुटून पडते, गाभा एकटाच पुढे जातो. म्हणजे ढकलताना मोठा, उडताना बारीक, पुफच्या कल्पनेतला फायदा तोच. जून १९४४ मध्ये हे गोळे ५७ मिमीच्या सिक्स-पाउंडर तोफेला मिळाले, वेग सेकंदाला १२०० मीटर. आणि असला गोळा पेटीत एकच उरला असेल तर तो वाघासाठी, म्हणजे जर्मन टायगर रणगाड्यासाठी, राखून ठेवायचा, मधल्या वेळात त्याच नळीतून साधे पोलादी गोळे मारत राहायचे.